जखमी शिपायाचें उरलेलें आयुष्य

लढायांचे इतिहास वाचीत असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. प्रत्येक लढाईच्या शेवटीं मृतांचा व जखमींचा आंकडा दिलेला असतो आणि त्या आंकड्याबरोबर प्रकरण संपतें. मृतांच्या बाबतींत हें ठीकच आहे. त्यांची कथा तेथेंच संपलेली असते. जखमींची कथा मात्र त्या ओळीनंतर सुरू होते. विशी-पंचविशीचा शिपाई रणांगणावरून डोलींतून मागें आणला जातो, तो जगतो, आणि मग त्याला आणखी तीस-चाळीस वर्षें काढावयाचीं असतात. तीं त्यानें कोठें काढलीं, सकाळीं उठून त्यानें काय केलें, घरच्यांनीं त्याच्याकडे कोणत्या नजरेनें पाहिलें, याचा हिशेब बखरकार ठेवीत नाहीं व सेनापतींच्या आत्मचरित्रांतहि तो सांपडत नाहीं. तो सगळा हिशेब एका लेखांत मांडणें शक्य नाहीं. परंतु ज्या एका प्रकारच्या जखमेनें या प्रश्नाचें स्वरूपच पालटून टाकलें, त्या पाठीच्या कण्याच्या जखमेचा इतिहास पाहिला म्हणजे बाकीच्याची दिशा कळते. आणि तेवढाच उद्देश मनांत धरून हा लेख लिहिला आहे.

जखमी शिपायाचें ऋण राज्यकर्त्यांना पूर्वीं कळत नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. अफजलखानाच्या प्रसंगानंतर, म्हणजे १६५९ सालीं, शिवछत्रपतींनीं जखमी लोकांस जखमेच्या मानानें होन दिले, पडलेल्यांच्या मुलांचें चालविलें आणि ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांस निमें वेतन बांधून दिलें, असें कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. पुढें पेशवाईंत ‘बालपरवेशी’ या नांवाखालीं लढाईंत पडलेल्यांच्या कुटुंबांस नेमणुका मिळत. तिकडे फ्रान्सांत चौदाव्या लुईनें १६७० सालीं पॅरिस येथें पंगु व वृद्ध शिपायांसाठीं ‘अँव्हालीद’ नांवाचा प्रचंड वाडा बांधण्याचें फर्मान काढलें. बारा वर्षांनीं, १६८२ सालीं, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनें चेल्सी येथें तसेंच शिपाईगृह स्थापिलें. या दोन्ही संस्था आजहि चालू आहेत, आणि चेल्सीच्या म्हाताऱ्या शिपायांचा तांबडा डगला लंडनकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

या सर्व व्यवस्थांतून दोन उपाय दिसतात : एक द्रव्य व दुसरा आश्रय. दोन्ही मोलाचे होते व आहेत. उपाशी मनुष्याला आरोग्याचा उपदेश करणें हा क्रूरपणा आहे. पण दोहोंतहि सरकार जखम पाहत होतें. जखम केवढी आणि तिचे होन किती, पाय एक गेला कीं दोन, खोली मिळावी कीं न मिळावी, एवढें ठरलें कीं खातें मिटलें. मिळालेल्या होनांनीं वा मिळालेल्या खोलींत त्या मनुष्यानें दिवस कसा काढावा, हा प्रश्न आपला आहे असें कोणास वाटलें नाहीं. त्या काळच्या वैद्यकाचा आवांका पाहतां यांत फारसें नवल नाहीं. ज्याची जखम फार भारी तो बहुधा मरत असे, त्यामुळें जगून काय करावयाचें हा प्रश्न तितकासा तीव्र होत नसे. शस्त्रवैद्य माणसें वांचवूं लागले तेव्हां तो दारांत येऊन उभा राहिला.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत हें घडलें. मशीनगनींनीं व स्फोटक गोळ्यांनीं पूर्वीं कधीं न झालेल्या संख्येनें माणसें मोडलीं, आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेनें व क्ष-किरणांनीं त्यांतलीं पुष्कळ वांचविलींहि. फ्रान्सांत लढलेले हिंदी जखमी ब्रायटनच्या राजवाड्यांत ठेवले गेले. मेसोपोटेमियांतले जखमी, ज्यांत मराठा पलटणींचे शिपाई होते, बोटींनीं मुंबईस आले. हातपाय गेलेल्यांसाठीं कृत्रिम अवयव तयार होऊं लागले व उद्योगशाळा निघाल्या. परंतु एका वर्गापुढें सर्वांनीं हात टेकले. ज्यांच्या पाठीच्या कण्यांत गोळी शिरून मज्जारज्जु तुटला, त्यांना मरणाची वाट पाहण्यापलीकडे कांहीं उरलेलें नाहीं असें ठरून गेलें होतें. हा निवाडा फार जुना होता. साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या मिसर देशांतील एका वैद्यकीय लेखांतहि, ज्याला आज एडविन स्मिथ पपायरस म्हणतात, अशी जखम उपचार न करण्याजोगी म्हणून सांगितली आहे. १९१६ सालीं लंडनजवळ रिचमंड येथें ‘स्टार अँड गार्टर’ नांवाच्या जुन्या हॉटेलांत अशा पक्षघात झालेल्या तरुण शिपायांसाठीं एक गृह उघडण्यांत आलें. तेथून टेम्स नदीचा देखावा फार सुंदर दिसे; पण त्या मागची कल्पना ही होती, कीं शेवटचे दिवस तरी सुखांत जावे.

आतां हे शिपाई मरत कशानें, हें पाहणें अगत्याचें आहे. ते गोळीनें मरत नसत. मज्जारज्जु तुटला म्हणजे खालच्या अंगाची हालचाल जाते, तशीच संवेदनाहि जाते. निरोगी मनुष्य झोपेंतसुद्धां कूस बदलतो, कारण दाबलेली कातडी तक्रार करते. पांगळ्याच्या कातडीची तक्रार त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. एकाच जागीं तासन् तास दाब पडून तेथला रक्तप्रवाह तुटतो, कातडी मरते, आणि हाडापर्यंत जाणारें शय्याव्रण होतें. दुसरीकडे मूत्राशयावरचा ताबा गेल्यामुळें लघवी तुंबते, तींत जंतु वाढतात व ते मूत्रपिंडांपर्यंत चढतात. या दोन वाटांनीं रक्त दूषित होऊन बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. म्हणजे ज्याला असाध्य रोग म्हणत, तो पुष्कळ अंशीं दुर्लक्षाचा परिणाम होता. रोगी वांचणार नाहीं म्हणून त्याची कूस कोणी बदलीत नसे, आणि कूस बदलली नाहीं म्हणून तो वांचत नसे.

त्याच महायुद्धानें दुसराहि एक धडा दिला. कित्येकांचें शरीर धड राहून मन मोडलें. थरकांप, मुकेपणा, अंधत्व, रात्रीं किंचाळत उठणें, अशीं लक्षणें घेऊन हजारों शिपाई परत आले आणि लोकांनीं त्या विकाराला ‘शेल-शॉक’ असें नांव दिलें. स्कॉटलंडांत एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथें १९१६ सालीं अशा अधिकाऱ्यांसाठीं इस्पितळ निघालें. तेथें डॉ. रिव्हर्स रोग्यांना आपल्या भयाविषयीं मोकळेपणानें बोलूं देत. ते दाबून टाका असें सांगत नसत. त्यांचे सहकारी डॉ. ब्रॉक यांची पद्धति निराळी होती. ग्रीक पुराणांत अँटियस नांवाचा एक राक्षस आहे. पृथ्वी ही त्याची माता. पाय भूमीला लागले असतां त्याला बळ येई, म्हणून हेराक्लीसनें त्याला उचलून अधांतरीं धरून मारलें. युद्धानें मनुष्याला असेंच त्याच्या भूमीपासून उचललें आहे, त्याचे पाय पुन्हां कामाला व शेजाऱ्यापाजाऱ्यांना लागले पाहिजेत, असें ब्रॉक म्हणत. त्यांचा रोगी विल्फ्रेड ओवेन हा तरुण कवि इस्पितळाचें मासिक संपादी व गांवच्या शाळेंत जाऊन मुलांना शिकवी. तो बरा होऊन आघाडीवर परतला, आणि युद्ध संपण्यास एक आठवडा उरला असतां, ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं, मारला गेला.

परंतु हा उपचार अधिकाऱ्यांपुरता होता, हें विसरतां कामा नये. लंडनमधील एका प्रसिद्ध इस्पितळांत डॉ. यीलंड हे मुक्या झालेल्या साध्या शिपायांना विजेचे झटके देऊन बोलतें करीत. आणि पळून जाणें, भ्याडपणा अशा लष्करी गुन्ह्यांबद्दल ब्रिटिश फौजेंत ३०६ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांतल्या कित्येकांना आज आपण रोगीच म्हटलें असतें. त्यांना मरणोत्तर माफी मिळण्यास २००६ साल उजाडावें लागलें. एकाच जखमेला एकाच राज्यानें एका जागीं बाग व ग्रंथालय दिलें, दुसऱ्या जागीं विजेचा झटका आणि तिसऱ्या जागीं भिंतीपुढचा खांब. जखम पाहून न्याय होतो असें म्हणणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

शरीराचा व मनाचा हे दोन वेगळे धडे एकत्र करण्याचें काम ज्या मनुष्यानें केलें, तो स्वतः देशोधडीस लागलेला निर्वासित होता. डॉ. लुडविग गुटमन यांचा जन्म १८९९ सालीं सायलेशियांतील एका ज्यू कुटुंबांत झाला. १९१७ सालीं ते एका खाणकामगारांच्या इस्पितळांत स्वयंसेवक होते. तेथें पाठीचा कणा मोडलेला एक धिप्पाड खाणकामगार आणला गेला. गुटमन त्याचीं टिपणें घेऊं लागले, तेव्हां हा कांहीं आठवड्यांतच जाणार, फार लिहिण्याची तसदी घेऊं नकोस, असें त्यांना सांगण्यांत आलें. पांच आठवड्यांनीं तो खरोखरच मेला. पुढें गुटमन ब्रेस्लाव येथें नांवाजलेले मज्जातंतुवैद्य झाले. १९३३ सालीं नाझी कायद्यानें त्यांची जागा गेली व ते तेथील ज्यू इस्पितळांत काम करूं लागले. नोव्हेंबर १९३८ मध्यें ज्यू लोकांवर जी भयंकर रात्र कोसळली, त्या वेळीं दाराशीं येईल त्या प्रत्येकास भरती करून घ्या, अशी त्यांनीं आज्ञा दिली. दुसऱ्या दिवशीं गेस्टापोचे अधिकारी चौकशीस आले, तेव्हां गुटमन त्यांना खाटेखाटेपाशीं घेऊन गेले आणि प्रत्येकाचा कांहींतरी रोग सांगून चौसष्टांपैकीं साठ जणांना त्यांनीं वांचविलें. १९३९ च्या मार्चमध्यें बायको व दोन मुलें घेऊन ते इंग्लंडांत आले.

ऑक्सफर्ड येथें कांहीं वर्षें संशोधनांत गेल्यावर, युरोपवरील चढाईंत अनेक शिपायांचे कणे मोडतील या अपेक्षेनें ब्रिटिश सरकारनें एल्सबरीजवळ स्टोक मँडेव्हिल येथें एक विभाग उघडण्याचें ठरविलें व तो गुटमन यांच्या हातीं दिला. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं तो सुरू झाला. या क्षेत्रांत ते अगदीं पहिले नव्हते; अमेरिकेंत बॉस्टन येथें डॉ. मन्रो यांनीं १९३६ च्या सुमारास असा विभाग चालविला होता, आणि इंग्लंडांत डॉ. रिडॉक यांनीं या प्रश्नाचा पाठपुरावा केला होता. पण रोगी पाहून गुटमन जें करूं लागले, तें त्या इस्पितळाला नवीन होतें.

त्यांचा पहिला नियम अगदीं साधा होता. दर दोन तासांनीं, दिवसा व रात्रीं, प्रत्येक रोग्याची कूस बदललीच पाहिजे. प्लास्टरच्या साच्यांत बांधून आणलेल्या शिपायांचे साचे त्यांनीं फोडून टाकले. मूत्राशयाची स्वच्छता हें त्यांनीं हलक्या माणसाचें काम मानलें नाहीं. तें वैद्याचें काम ठरविलें. रात्रीं अवेळीं ते स्वतः येऊन कूस बदलली कीं नाहीं तें पाहत. या कामास मनुष्यबळ फार लागे, आणि मरणाऱ्यांवर इतका खर्च कशासाठीं, असें विचारणारे सहव्यवसायी त्यांना भेटतच. पण व्रणें भरूं लागलीं आणि मेले म्हणून सोडलेले शिपाई जगूं लागले, तेव्हां हा वाद आपोआप मिटला.

वाद मिटला, पण खरा प्रश्न तेव्हांच सुरू झाला. पंचविशींतला मनुष्य जगला. आतां त्यानें काय करावें? गुटमन यांचें उत्तर असें होतें, कीं तो कर देणारा नागरिक होईपर्यंत उपचार पुरा झाला असें म्हणतां येत नाहीं. इस्पितळांतच सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन सुरू झालें. सकाळीं उठून कामावर जाण्याची संवय खाटेपासून लावण्यांत आली. याच्या जोडीला खेळ आले. चाकांच्या खुर्च्यांवर बसून काठ्यांनीं खेळावयाचा एक पोलोसारखा खेळ निघाला, पण त्यांत डोकींच फुटण्याची वेळ आल्यामुळें तो बंद करून नेटबॉलसारखे सौम्य प्रकार आणले. धनुर्विद्येवर गुटमन यांचा विशेष लोभ होता. तिनें छाती, खांदे व बाहू बळकट होतात. बसून नेम धरणारा पांगळा उभ्या मनुष्याच्या बरोबरीनें लढूं शकतो. आणि बाण लागला कीं चुकला यांत दयामायेला जागा उरत नाहीं.

२९ जुलै १९४८ रोजीं लंडनमध्यें ऑलिंपिक सामन्यांचें उद्‌घाटन झालें. त्याच दिवशीं स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा पांगळे स्त्रीपुरुष धनुष्यें घेऊन उतरले. एक तुकडी तेथलीच होती. दुसरी रिचमंडच्या ‘स्टार अँड गार्टर’ गृहाची होती. ज्या घरांत बत्तीस वर्षांपूर्वीं शिपायांना शेवटचे दिवस घालविण्यासाठीं आणीत, त्याच घरानें आतां सामन्यासाठीं संघ पाठविला. वैद्यकाच्या इतिहासांत इतका स्पष्ट पालट क्वचितच पाहावयास मिळतो. १९५२ सालीं नेदरलँड्समधील माजी शिपाई आले व सामने आंतरराष्ट्रीय झाले. १९६० सालीं रोम येथें तेवीस देशांचे सुमारें चारशें खेळाडू जमले. आज ज्यांना पॅरालिंपिक म्हणतात ते हेच सामने. गुटमन यांना १९६६ सालीं ‘सर’ ही पदवी मिळाली. १९८० सालीं ते वारले. त्यांचे रोगी त्यांना ‘पपा’ म्हणत. त्या नांवांत माया होती व थोडें भयहि होतें, कारण त्यांची शिस्त कडक असे आणि आज खेळण्याची इच्छा नाहीं हें उत्तर ते सहसा ऐकून घेत नसत. या कडकपणाबद्दल त्यांना दोष देतां येईल. प्रत्येक जखमी कांहीं वीर नसतो. पदक मिळविणाऱ्याचें कौतुक करतां करतां, नुसतें घरीं बसून मुलांना गोष्टी सांगूं इच्छिणारा शिपाई हरला असें लोक मानूं लागले, तर तोहि एक अन्यायच होय.

आपल्याकडील हकीकतहि या इतिहासाशीं जोडलेली आहे. अपंग शिपायांना उद्योग शिकविण्यासाठीं १९१७ सालीं मुंबईंत क्वीन मेरी यांच्या नांवानें शाळा निघाली, ती पुढें खडकीस आली. १९४४ सालीं, म्हणजे स्टोक मँडेव्हिलच्याच सालीं, पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झालें. कणा मोडलेल्या शिपायांसाठीं खडकीस स्वतंत्र पुनर्वसन केंद्र १९७४ सालीं उभें राहिलें. त्याच्या दोन वर्षें आधीं एका मराठी शिपायानें या विचाराची सत्यता जगापुढें सिद्ध केली होती. सांगली जिल्ह्यांतील पेठ या गांवचे मुरलीकांत पेटकर हे फौजेंतले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धांत सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यांत अडकली, आणि कमरेखालचें अंग निकामी झालें. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यांत उतरले. १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें त्यांनीं पन्नास मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळविलें. भारताचें तें पहिलें पॅरालिंपिक सुवर्णपदक होतें. पुढें पुण्यास त्यांनीं टेल्को कारखान्यांत नोकरी केली. पद्मश्री त्यांना मिळाली ती २०१८ सालीं, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनंतर. शिपाई पाण्यांतून वर आला होता. समाजाची नजर मात्र त्याच्यापर्यंत पोंचावयास एवढा काळ लागला.

मनाच्या जखमेचा मार्ग याहूनहि लांब ठरला. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या शिपायांच्या चळवळीमुळें अमेरिकन मनोवैद्यांनीं १९८० सालीं युद्धजन्य मानसिक आघाताला आपल्या रोगकोशांत अधिकृत स्थान दिलें. २०११ सालीं अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानें एक नवी कचेरी काढली व तिच्यामार्फत ‘होल हेल्थ’ म्हणजे समग्र आरोग्य या नांवाची पद्धति हळूहळू आपल्या इस्पितळांतून आणली. तिचें मर्म एका प्रश्नांत आहे. तुम्हांला काय झालें आहे, असें विचारण्याऐवजीं तुम्हांला कशाचें महत्त्व वाटतें, असें शिपायाला प्रथम विचारावयाचें. कोणी म्हणतो, नातवाला खांद्यावर घ्यावयाचें आहे. कोणाला रात्रीं सलग झोप हवी असते. मग त्या इच्छेपासून मागें येत येत झोप, आहार, व्यायाम, घर, नातीं, काम यांची आंखणी करावयाची. या कामीं जो मनुष्य नेमतात त्याला ‘हेल्थ कोच’ म्हणतात. तो औषध देत नाहीं व उपदेशहि करीत नाहीं. तो विचारतो, ऐकतो, पुढच्या आठवड्यापुरतें एक लहान पाऊल शिपायाकडूनच ठरवून घेतो आणि तें पडलें कीं नाहीं याची आठवणीनें चौकशी करतो. कित्येकदां तो स्वतः माजी सैनिक असतो. आपल्याकडे तालमींत वस्तादाची जी जागा असते, तिची येथें आठवण होते. वस्ताद पठ्ठ्याच्या ऐवजीं जोर काढीत नाहीं. पण तो आखाड्याच्या कडेला उभा असल्यावांचून पठ्ठ्याचे जोर पुरे होत नाहींत. या इस्पितळांतून ध्यान व आपलें योगासनहि शिकवितात.

या नव्या पद्धतीवर दोन आक्षेप येतात व दोन्हीहि विचार करण्याजोगे आहेत. पहिला हा, कीं पेन्शन, शस्त्रक्रिया, नोकरी यांचा खर्च टाळावयाचा आणि त्या जागीं गोड बोलणारा मार्गदर्शक बसवावयाचा, असा मोह कोणत्याहि सरकारला होईल. दुसरा हा, कीं तुझें आरोग्य तुझ्या हातीं, असें पुनःपुन्हां सांगितल्यानें बरा न होणारा शिपाई स्वतःलाच दोषी मानूं लागेल. दोन्ही आक्षेपांना स्टोक मँडेव्हिलच्या इतिहासांतच उत्तर आहे. तेथें धनुष्य हातीं येण्यापूर्वीं व्रणें भरलीं होतीं. दर दोन तासांनीं कूस बदलणारी परिचारिका आधीं होती, सुतारशाळा मागाहून आली, आणि सामने त्याच्याहि मागाहून. हा क्रम उलटा केला असता तर सोळांपैकीं एकहि जण हिरवळीवर दिसला नसता. मार्गदर्शक हा वैद्याच्या, परिचारिकेच्या व पेन्शनीच्या पुढचा टप्पा आहे. त्यांच्या बदलीचा मनुष्य नव्हे.

साताऱ्या-कोल्हापुराकडे घरटी एक मनुष्य फौजेंत पाठविणारीं गांवें आहेत. तेथील माजी शिपायांना पेन्शन मिळतें, जिल्ह्याच्या सैनिक कचेरींत त्यांचे कागद असतात, आणि २००३ सालापासून त्यांच्या औषधपाण्याची स्वतंत्र योजनाहि आहे. हें सर्व शिवकालीन होनांचेंच वाढलेलें रूप आहे व तें हवेंच. परंतु जो शिपाई पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर चाळिशीच्या आंत घरीं येतो, ज्याला रात्रीं झोप नाहीं, ज्याचा गुडघा गेला आहे, ज्याचा पलटणींतला गोतावळा एका दिवसांत तुटला आहे, त्याला समोर बसवून आतां तुमच्या मनांत काय आहे, असें विचारणारा मनुष्य त्या कचेरींत असावयास हवा. ज्यानें आपल्या आयुष्याचा उमेदीचा भाग आपल्यासाठीं खर्चिला, त्याच्या उरलेल्या भागाची विचारपूस ही कांहीं मेहेरबानी नव्हे. जखमेची किंमत आपण केव्हांच ठरवूं लागलों. शिपायाला त्याचें मनोगत विचारण्यास मात्र आपण अजून पुरती सुरुवात केलेली नाहीं.